गादीतली गाठ

सकाळी तिच्या कानावर पहिला आवाज पडायचा तो शिवण उसवण्याचा. कर्र, कर्र, जरा थांबून पुन्हा कर्र. पाखरांच्या आधी, नळाच्या पाण्याच्या आधी. डोळे न उघडताच तिला दिसायचं, की बाहेरच्या खोलीत फरशीवर गादी पालथी पडली आहे, तिच्या कुशीत कात्रीचं टोक शिरलं आहे, आणि आपला नवरा गुडघ्यांवर बसून आपलं दुखणं शोधतो आहे.

घरात गाद्या दोन. एक तिच्या अंगाखाली, एक त्यांच्या कात्रीखाली, आलटून पालटून. एकीवर ती तळमळायची, तोवर दुसरीचा कापूस बाहेर यायचा, बोटांनी विंचरला जायचा, वेताच्या काठीनं झोडपला जायचा आणि पुन्हा खोळीत भरला जायचा. संध्याकाळी गादी तयार. ढगासारखी फुललेली, कडेनं टाके घातलेली, देखणी. तिच्यावर पाठ टेकली की कमरेतली ती जुनी कळ अंग ताणून जागी व्हायची आणि डाव्या पायात उतरायची, वाट पाठ असलेल्या गुरासारखी.

गल्लीत त्यांना सगळे गादीवाले म्हणत, आणि तिला गादीवाली काकू. दोघांनी मिळून अख्ख्या गल्लीला निजवलं होतं. बाहेरची खोली हेच दुकान. गादीवाले पिंजायचे, भरायचे. काकू कडा शिवायची आणि मधले टाके घालायची. गादी उभी धरून दोघं दोन बाजूंना बसत. तिनं दाभण आरपार ढकललं की ते पलीकडून ओढून घ्यायचे आणि परत पाठवायचे. दाभणाला ताल असतो, तालाला गाणं लागतं. ती गुणगुणायची:

*सुई गेली आत बाई, दोरा तिच्या मागं,*
*कुणाच्या गं निजेसाठी आपण बाई जागं.*

मग तयार गाद्या आल्या, कारखान्यातल्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. पिंजण्याचं यंत्र भंगारात गेलं. आणि एका दुपारी उरलेला कापसाचा गठ्ठा सरकवताना काकूच्या कमरेत चमक भरली. पाहुणी म्हणून आलेली ती चमक घरचीच होऊन बसली.

डॉक्टरांनी फोटो काढले. उजेडासमोर धरून म्हणाले, "वयाच्या मानानं ठीक आहे."

"ठीक आहे तर दुखतं कुणाचं?" काकूनं विचारलं होतं.

ऑपरेशनचं काम नाही म्हणाले. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दुखणं झोपत नव्हतं, तीच झोपायची, भर सकाळी खुर्चीत, तोंड उघडं टाकून. जाग आली की हनुवटी ओली, पदर ओला, आणि समोर गादीवाले स्टुलावर बसलेले, तिच्याकडे टक लावून.

"दुखतंय का?"

दिवसभर हाच प्रश्न. ती उठली की दुखतंय का, बसली की दुखतंय का, गप्प राहिली तर दुखतंयच. हळूहळू त्यांनी तिच्या हातातून एकेक गोष्ट काढून घेतली. आधी बादली. मग केरसुणी. मग विळी. शेवटी दाभण. "राहू दे, दुखेल तुला." इतक्या मायेनं म्हणायचे, की भांडायलाही जागा नसायची. पुढं पुढं शेजारणीही येईनाशा झाल्या, कारण दारातच गादीवाले ओठांवर बोट ठेवून म्हणायचे, "आत्ताच जरा पडलीय ती." घरात दोन माणसं आणि एक दुखणं उरलं. दोन माणसांनी त्याच्याभोवती पाय न वाजवता फिरायचं.

गाद्यांचं हे वेड तेव्हाच सुरू झालं. एक दिवस गादीवाले म्हणाले, "कापूस बसलाय गं. म्हणून लागतंय तुला." त्यांनी गादी उसवली, नव्यानं भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "आज कशी?"

आणि त्या दिवशी तिला खरंच बरं वाटलं होतं. थोडंसंच, पण खरं. ती म्हणाली, "बरी आहे हो. कालच्यापेक्षा बरी."

त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते तिनं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात पाहिलं होतं, नंतर कधी नाही. तिसऱ्या दिवशी कळ परतली. पण ते दारात उभे, हाताला कापूस चिकटलेला, डोळ्यांत तीच आशा. "आज कशी?" तिच्या तोंडून निघून गेलं, "कालच्यापेक्षा बरी."

तेव्हापासून रोज. ते विचारायचे गादीबद्दल, ती उत्तर द्यायची गादीबद्दल, आणि तिच्या कमरेबद्दल त्या घरात खरं असं कुणी बोलेनासं झालं.

---

लेक मोठ्या कापड दुकानात दिवसभर उभ्याची नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी यायची. तिनं एकदा कारखान्याची गादी आणली होती. गादीवाल्यांनी ती उभी केली, भिंतीला टेकवली, दोन पावलं मागं जाऊन बघितली आणि म्हणाले, "छान आहे. वाऱ्यानं दार आपटतं, त्याला आड होईल."

ह्या वेळी लेक रिकाम्या हातांनी आली. वडील आत खोकत होते. खोकला कसला, आतून कुणीतरी काठीनं कापूस झोडपत होतं.

"आई, बाबांचे हात बघितलेस?"

काकूनं मान हलवली. बघितले होते. बोटांची टोकं चिरली होती, नखं दोऱ्यानं कापली होती.

"आणि छाती? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, कापसाला हात लावायचा नाही. धूळ फुप्फुसात बसते. त्यांनी तुला सांगितलं?"

नव्हतं सांगितलं. 

"मी बोलले तर म्हणतात, 'तुझ्या आईला फरक पडतोय. तीच सांगते रोज.'" लेक तिच्याकडे बघत राहिली. "पडतोय का गं फरक?"

काकूनं पदराचा काठ दुमडला, उलगडला, पुन्हा दुमडला. लेकीनं पुढं विचारलं नाही. नुसती म्हणाली, "दवाखान्यात वर्ग असतो, तुझ्यासारख्यांचा. गोळ्या नाहीत, सुया नाहीत. चल. निदान ह्या चार भिंतींच्या बाहेर तरी ये."

वर्ग होता दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. कठडा धरून चढताना पुढचा एक उंच म्हातारा वळून म्हणाला, "दुखणाऱ्यांचा वर्ग आणि वरच्या मजल्यावर! ज्यानं हे ठरवलं त्याची कंबर शाबूत असणार." तो जन्मभर बसमध्ये कंडक्टर होता. आता दोन्ही गुडघे गेलेले. "आयुष्यभर लोकांना ओरडून सांगितलं, पुढे सरका, पुढे सरका. आता गुडघे म्हणतात, तू सरकून दाखव."

काकूला हसू आलं. आपल्याला हसू आलं ह्याचंच तिला इतकं नवल वाटलं, की ती पायरीवर थांबली.

वर्ग घेणारी ताई तिच्या लेकीच्या वयाची होती. इथं एक नियम होता: काय दुखतं ते सांगायचं नाही, ह्या आठवड्यात काय केलं ते सांगायचं. कुणी कुंडीतलं रोप बदललं होतं, कुणी बहिणीशी फोनवर भांडलं होतं. कंडक्टर कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन आले होते. "बाकावर एक म्हातारी बसलेली होती. तिकीट विचारलं. उठून गेली."

काकूची पाळी आली. तिनं खूप आठवून बघितलं. "झोपले," ती म्हणाली. "उठले. गादी बदलली." पुढं काही सापडेना, आणि तिचे डोळे एकाएकी भरून आले. एवढ्या दिवसांचं आयुष्य, आणि चार शब्दांत संपलं.

ताईनं पाणी दिलं, घाई केली नाही. मग सगळ्यांनाच म्हणाली, "रात्री चोर आला की कुत्रं भुंकतं. भुंकायलाच हवं. पण कधी कधी चोर केव्हाच निघून जातो आणि कुत्र्याला भुंकायची सवय लागते. पान हललं तरी भुंकतं. म्हातारपणीचं बरंचसं दुखणं असं असतं."

"म्हणजे माझं दुखणं खोटं?" काकूच्या आवाजाला धार आली.

"भुंकणं खरंच आहे, काकू. झोप उडते, जीव नकोसा होतो, सगळं खरं. फक्त चोर शोधून उपयोग नाही. सगळं घर कुत्र्याभोवती श्वास रोखून बसलं, तर त्याला वाटतं चोर अजून आहेच. घरानं आपापली कामं हळूहळू पुन्हा सुरू केली, तर ते हळूहळू दमतं. गप्प होईलच असं नाही. पण दमतं."

मग तिनं सांगितलं की काम कसं सुरू करायचं: थोडं, अगदी थोडं, आणि दुखायला लागायच्या आधी थांबायचं. दुखेस्तोवर नाही.

"म्हणजे स्टॉप यायच्या आधीच घंटी," कंडक्टर म्हणाले.

वर्ग सुटल्यावर ताईनं तिला खिडकीपाशी थांबवलं. "घरी दुखलं की काय होतं?"

"हे गादी उसवतात."

"मग बरं वाटतं?"

"मी म्हणते, वाटतं."

खाली रस्त्यावर लेक रिक्षा थांबवत होती.

"ते खोकतात," काकू म्हणाली, आणि मग तिच्या तोंडून सगळं एकदम सुटलं. "मी खरं सांगितलं तर त्यांच्याजवळ काही उरणार नाही. हाताला कामच उरणार नाही. आणि नाही सांगितलं तर तो कापूस त्यांचा जीव घेईल. तुम्हीच सांगा, मी कशानं मारू त्यांना?"

ताई फक्त एवढं म्हणाली, "एकदा खरं सांगून बघा. एकच सकाळ."

---

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ते वाक्य तोंडात घोळवत उठली. *दुखतंय. गादीनं काही होत नाही.* किती साधं. बाहेर कर्र थांबलं, खोकला झाला, आणि गादीवाले दारात आले. पांढरे केस कापसानं आणखी पांढरे झालेले.

"आज कशी?"

तिनं तोंड उघडलं. त्यांच्या खांद्यांकडे बघितलं. एके काळी ह्या खांद्यांवर डबल गादीची वळकटी सहज बसायची. आता सदराच तेवढा खांद्यावर होता, आत खांदा नव्हता.

"कालच्यापेक्षा बरी," ती म्हणाली.

ते गेल्यावर तिनं उशीत तोंड खुपसलं. आपण किती भित्र्या आहोत हे कळायला हे वय यावं लागलं. तिला वाटलं, उद्या उजाडूच नये. म्हणजे कुणी विचारायला नको आणि कुणाला खोटं सांगायला नको. हा विचार पूर्वीही यायचा, पण पाहुण्यासारखा दारात उभा राहायचा. आज तो आत येऊन शेजारी बसला.

दुपारी नवी भरलेली गादी अंथरून गादीवाले दोरा आणायला बाहेर गेले. "पड जरा. मी आलोच."

ती कुशीवर टेकली, आणि डाव्या खुब्याखाली काहीतरी लागलं.

ती दचकली. हात खाली नेला. होतं. खरंच होतं! लिंबाएवढी गाठ, खोळीच्या कापडाखाली, घट्ट. आधी तिला विश्वास बसेना, मग असा आनंद झाला की सांगता सोय नाही. म्हणजे हे होतं तर! म्हणजे चोर आहे. ताईचं कुत्रं, वर्ग, फोटो, सगळं चुकीचं. तिचा नवरा बरोबर होता. ही काढली की संपलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ती त्या गाठीवरून बोट फिरवत राहिली, जसं लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवतात.

बोट फिरता फिरता थांबलं.

जन्म कापसात गेलेला होता तिचा. कापूस आपला आपण गोळा होतो तेव्हा त्याच्या कडा विरत जातात. गाठ कुठं संपली आणि कापूस कुठं लागला हे सांगता येत नाही. हिला कड होती. ही गुंडाळलेली होती. आणि ती होती नेमकी तिथं, जिथं कण्हताना तिचा हात रोज जायचा.

तिला वाटलं, बोट काढून घ्यावं. काही कळलंच नाही असं करावं.

गादीवाले आले. दोऱ्याचं रीळ कोनाड्यात ठेवता ठेवता त्यांनी तिच्याकडे न बघताच विचारलं, "कशी आहे?"

"इथं खुपतंय," ती म्हणाली.

ते झटकन वळले. "कुठं?"

"इथं. हाताला लागतंय."

"तरी मी म्हणत होतो!" ते असे धावले की तिला भीती वाटली, पडतील. तिला हाताला धरून त्यांनी स्टुलावर बसवलं, गादी ओढली, कात्री घेतली. कर्र. पाठ तिच्याकडे करून त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला, चाचपलं, आणि पांढरी गाठ बाहेर काढून तळहातावर धरली. "बघ! बघ, ही बघ! म्हणत होतो ना, काहीतरी आहे म्हणून! सापडली गं. आता दुखायचं कारणच नाही. आता पड बघू. पड, पड."

ते हसत होते. खरोखर हसत होते, आणि तिला सगळ्यात भयंकर वाटलं ते हेच, की त्यांना खरंच वाटत होतं आता ती बरी होईल. गाठीच्या खालून दोऱ्याचं टोक लोंबत होतं.

"हिला दोरा कुणी गुंडाळला?" तिनं विचारलं.

"दोरा? कापसात येतात दोरे."

"डावीकडून गुंडाळलाय. डावखुरा कापूस दिसतोय."

गादीवाले जन्माचे डावखुरे. त्यांनी मूठ मिटली. खोलीत कापसाचे तंतू उन्हात तरंगत होते, खाली यायला तयार नव्हते.

"सापडावी म्हणून ठेवली," ते शेवटी म्हणाले.

"काय?"

"रोज उसवतो. रोज आत काही नसतं. स्वच्छ कापूस. तुझ्या दुखण्याला कुठं टोकच नाही गं, धरायचं कुठं?" त्यांनी बसकण मारली, थेट कापसात. "आणि तू रोज म्हणतेस, कालच्यापेक्षा बरी. रोज जरा जरा. ते जरा जरा मिळून एव्हाना तू धावायला हवी होतीस. मग मला वाटायला लागलं, माझ्याच हातून काहीतरी राहतंय. मी शोधण्यात कमी पडतोय. म्हटलं, एकदा ठेवून बघू. तुला लागेल, तू सांगशील, मी काढीन. कदाचित..." पुढचं खोकल्यात गेलं.

काकू स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती. तिच्या पायातली कळ आता तळव्यापर्यंत पोचली होती. हेच ते. तिच्याच शब्दांनी गुंडाळलेली होती ती गाठ.

"मी खोटं बोलत होते," ती म्हणाली.

त्यांनी मान वर केली.

"बरी नव्हते. कालच्यापेक्षा नव्हते, परवापेक्षा नव्हते. तुम्ही दारात उभे राहायचात आणि मला खरं सांगवायचं नाही."

ते अगदी लहान आवाजात म्हणाले, "एकदाही नाही?"

"पहिल्या दिवशी वाटलं होतं. पहिल्या दिवशी खरंच."

"म्हणजे एक गादी तरी लागू पडली."

"एक लागली."

ते मान हलवत राहिले, बाजारातून रिकाम्या हातानं परतताना माणूस आपल्याशीच हलवतो तशी. "मग मी आता काय करू?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, खरंच विचारलं. समोरच्या बाईला जन्मभर सगळं माहीत असायचं, हेही तिला माहीत असेल अशा विश्वासानं.

"मला माहीत नाही हो," ती म्हणाली, आणि दोघंही रडली. शहाण्या माणसांसारखी नाही. वेडीवाकडी, नाकातून पाणी येईस्तोवर.

रडण्यानं त्यांची छाती भरली. खोकल्याची अशी उबळ आली की चेहरा काळानिळा झाला, आणि प्रत्येक उबळीनिशी फाटलेल्या गादीतला कापूस उडायला लागला. जेवढा खोकला तेवढा कापूस, जेवढा कापूस तेवढा खोकला. ती बघत बसली होती, रोजच्या सवयीनं, कुणी उठवायची वाट बघत. मग तिच्या ध्यानात आलं, की उठवणारा तर समोर खोकतोय.

ती उठली. कशी ते तिचं तिला माहीत. खिडकी उघडली. तांब्या त्यांच्या तोंडाशी धरला. उबळ ओसरली तेव्हा तिनं फाटलेली गादी जवळ ओढली, कारण तिचं तोंड शिवल्याशिवाय ही धूळ बसणार नव्हती. कोनाड्यातून दाभण काढलं.

"अगं, दुखेल तुला."

"दुखतंच आहे. उभी धरा ती, पलीकडून."

"पण..."

"धरा म्हणते ना! आणि तोंडाला फडकं बांधा."

त्यांनी फडकं बांधलं आणि गादी उभी धरली. आता तिला फक्त त्यांचे डोळे दिसत होते. तिनं दाभण खुपसलं. हात विसरला नव्हता. दाभण आरपार गेलं, पलीकडून त्यांनी ओढलं, परत पाठवलं. पुन्हा. सुई गेली आत बाई... गाणं ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडलं, कारण कंबर आता भाजत होती. घंटी मारायची वेळ झाली होती. झाली होती कसली, केव्हाच होऊन गेली होती. पण तिला थांबवेना. आणखी एक टाका, आणखी एक. मग दाभण हातातून गळलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली, डोळ्यांपुढं अंधारी.

पलीकडून फडक्यामागून त्यांनी श्वास घेतला. ते विचारणार हे तिला कळलं. सगळ्या अंगानं ते विचारत होते. पण त्यांनी विचारलं नाही. गादीवरून हात पुढं केला आणि दाभण उचलून आपल्याकडे घेतलं.

गादी अर्धीच शिवून झाली. उरलेलं तोंड त्यांनी दोरीनं आवळलं.

---

सकाळी ती जागी झाली आणि वाट बघत राहिली. पाखरं बोलली. नळाला पाणी आलं. कर्र झालं नाही.

तिला वाटलं त्यापेक्षा ते वाईट होतं. घर असं ऐकू येत होतं, जसं कुणी निघून गेल्यावर ऐकू येतं. कालच्या टाक्यांचा हिशोब कंबर चुकता करत होती. कूस बदलायची सोय नव्हती. ताई चुकली असेल. आपण चुकलो असू. निदान पूर्वी एकाला तरी आशा होती.

"अहो," तिनं हाक मारली.

ते दारात आले. अंगावर कापूस नव्हता. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, काय करावं न कळून, बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरासारखे.

"आज..." त्यांनी सुरुवात केली आणि थांबले.

"दुखतंय," ती म्हणाली. "खूप दुखतंय. कालच्यापेक्षा जास्त."

ते आत आले. गादीकडे गेले नाहीत. तिच्या शेजारी, कडेवर, जपून बसले. त्यांच्या छातीत बारीक शीळ वाजत होती. ती ऐकत राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की इतक्या दिवसांत ह्या घरात एकच प्रश्न विचारला गेला, आणि तो एकाच माणसाला.

"तुम्हाला कुठं दुखतं?" तिनं विचारलं.

त्यांना प्रश्न कळायला वेळ लागला. त्यांनी आपल्या बोटांकडे बघितलं. छातीवर हात ठेवला, काढला. मग हात पुढं आला, तिच्या कमरेवर, डाव्या बाजूला, आणि नेमका तिथं टेकला जिथं ती कळ होती. चाचपावं लागलं नाही, शोधावं लागलं नाही.

हात खरखरीत होता, चिरलेला. त्याच्याखाली कळ तशीच धडधडत होती. तिनं तो तिथंच राहू दिला.

"आवळलेली गादी तशीच आहे बाहेर," जरा वेळानं ते म्हणाले.

"असू दे. दुपारी बघू."

"किती टाके घालशील?"

तिनं डोळे मिटले.

"कमी," ती म्हणाली. "कालच्यापेक्षा कमी."